घास उतरत नाही

बायको गेली त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तर म्हणायला लागले, "घास उतरत नाही." ऐकणाऱ्याने मान हलवावी, खांद्यावर हात ठेवावा, यापलीकडे त्यावर कुणी काय बोलणार?

मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. नवे कपडे शिवून घेणारं आता फारसं कुणी येत नसे. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, असलीच कामं. बायकोशी त्यांचं भांडण कधी झालं नाही आणि गप्पाही कधी रंगल्या नाहीत. तिने आतून "जेवायला या" म्हणावं, यांनी "हा एवढा टाका" म्हणावं, यातच संसार झाला.

मास्तरांच्या उपासाची बातमी गल्लीभर केली ती त्यांच्या मेव्हणीने. "ताईवर जीवच तसा होता हो भाऊजींचा. पानावर बसतात आणि नुसते बसून राहतात." बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "शिका जरा काही." एकाने तर चिडून मास्तरांनाच सांगितलं, "मास्तर, जेवा हो. तुमच्यापायी आम्हाला घरात राहणं कठीण झालंय."

मास्तर हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

सून मात्र त्यांच्या उशांचे अभ्रे धुवायची. अभ्र्यावर सकाळी भाताची शितं चिकटलेली असत. अख्खी, जशी पानात वाढली तशी. पोटात जाऊन उलटून आलेलं अन्न असं दिसत नाही, हे दोन मुलं वाढवलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मग ती जेवताना लक्ष ठेवायला लागली. मास्तर घास चावचाव चावत, वर पाणी पीत, मग उठून उभे राहत, छाती पुढे काढून मान ताणत. एकदा नुसत्या पाण्याचा घोट घेतला, तोही खाली जाईना.

"बाबा, दवाखान्यात जाऊ."

"मला काय झालंय? मनाचं आहे ते."

"मनाचं असतं तर भात नको वाटला असता. तुम्हाला भूक लागते. मघाशी भांड्याचं झाकण उघडून बघत होतात."

चोरी पकडल्यासारखे मास्तर पाण्याचा पेला शोधायला लागले.

"आणि आई होत्या तेव्हापासून तुम्ही पाण्याबरोबर जेवता. आई चिडायच्या, 'माझ्या हाताला चव नाही का, की पाण्याने ढकलता?' विसरलात?"

शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पांढरं दाट औषध प्यायला लावून फोटो काढले, मग नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतले दाब मोजले. नंतर त्यांनी फोटो समोर धरला. वर अन्ननलिका फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती. "अन्न आपोआप खाली पडत नाही, काका. नळीचे स्नायू मागून आवळत आवळत त्याला पुढे सारतात, आणि पोटाच्या तोंडाशी असलेला स्नायू तेवढ्यापुरता सैल होतो. तुमच्या नळीचं सारणं बंद पडलंय आणि खालचा स्नायू सैलच होत नाही."

मास्तर फोटोकडे बघत राहिले. "लेंग्याच्या नेफ्यातून नाडी ओवताना कापड मागून चुणत चुणत पिन पुढे सरकवतो, तसं?"

"अगदी तसं."

"आणि शेवटी गाठ बसलीय."

"ती सोडवता येईल. दुर्बिणीतून आत फुगा नेऊन तो स्नायू ताणू. आधीसारखं सारणं परत येणार नाही, सावकाशच जेवावं लागेल. पण जेवाल."

फुग्याच्या दिवशी सकाळी दवाखान्याचा अंगरखा घालून बसलेले मास्तर एकदम म्हणाले, "राहू दे. घरी जाऊ."

"भीती वाटते?"

"नाही गं." अंगरख्याची उसवलेली शिवण ते बोटाने चाचपत होते. "ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. लोक येत होते आणि मी चहा झाला का ते बघत होतो. मलाच माझी लाज वाटली. मग घास फारच अडकायला लागला. म्हटलं, चला, झालंय आपल्याला दुःख. आता तेही आजार निघालं. हे बरं झालं, तर माझ्याजवळ तिचं काय उरलं?"

सून म्हणाली, "आजारात आई वाळत चालल्या, तसे त्यांचे गाऊन शिवण आत घेऊन कोण लहान करत होतं?"

"अंगावर लोंबायचे. भेटायला येणाऱ्यांपुढे तिला कसंसंच व्हायचं."

"त्या झोपल्या की तुम्ही उसवायचात, उठायच्या आत शिवून ठेवायचात. त्यांना वाटायचं, गाऊन मापात बसतो म्हणजे आपण तेवढ्याच आहोत. ते काय होतं, बाबा?"

"ते माझं कामच आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि डोळे पुसून नर्सला हाक मारली.

मास्तर उठून नर्सच्या मागोमाग गेले.

काही दिवसांनी मेव्हणी भेटायला आली, तेव्हा मास्तर मऊ भात खात होते. घास जात होता. प्रत्येक घासानंतर ते सवयीने थांबत, आणि अडकला नाही हे कळल्यावर पुढचा घेत.

"सावरलात म्हणायचे एकदाचे," मेव्हणी म्हणाली. स्वर जरा नाराजच होता.

"सावरायचं काय त्यात? अन्ननलिकेचा आजार होता."

"अगं बाई! आणि मी सगळीकडे सांगत सुटले ते?"

"ते परत घ्यायला जाऊ नकोस आता दारोदार," मास्तर म्हणाले. सून तोंडाला पदर लावून हसली.

मास्तरांनी आणखी भात वाढून घेतला. "तुझी ताई भात फार शिजवायची. लगदा करायची पार. इतकी वर्षं खाल्ला, पण बोललो नाही कधी."

"बोलायचं की! आम्ही माहेरी तिला लगदाबाईच म्हणायचो."

"लगदाबाई," मास्तर म्हणाले. हसायला लागले आणि हसता हसता हात मध्येच थांबला. मान खाली गेली, खांदे हलायला लागले.

"अडकला, अडकला!" मेव्हणी पाण्याचा पेला घेऊन धावली.

"नाही गं," मास्तर कसेबसे म्हणाले. "घास कधीच गेला."