भावोजींची वायरमनची परीक्षा

माझे धाकटे दीर मुंबईला एका गिरणीत वायरमनच्या हाताखाली होते. परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तशी रजा काढून ते अभ्यासाला दाभोळला आले. तेव्हा आमच्याकडे कंदील लागायचे. विजेचा खांब गावात कुणी पाहिला नव्हता. अशा घरी विजेचा अभ्यास करायला येणारा माणूस किती शहाणा, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

पडवीच्या भिंतीवर त्यांनी फळी ठोकली, तिच्यावर स्विच आणि फ्यूज बसवले, तारा पार देवघरापर्यंत नेल्या. मग अर्थिंगसाठी परसात खड्डा. जमीन कातळाची, म्हणून खणायला गडी लावला आणि स्वतः छत्री धरून उभे राहिले. खड्ड्यात माझ्या चुलीचा कोळसा गेला, वर्षाचं मीठ गेलं. वर रोज पाणी ओतायचं ते मी, आणि भर वैशाखात विहिरीचा तळ दिसत होता.

"वहिनी, आणखी दोन कळशा. ओल राहिली पाहिजे."

"माडांना पाणी नाही, भावोजी."

"माड कुठे पळून जातायत?"

तारा तपासायचं, दांडा फिरवला की स्वतःच वीज करणारं एक यंत्र त्यांनी मागून आणलं होतं. त्याची दोन टोकं सासूबाईंच्या हातात देऊन त्यांनी दांडा फिरवला. म्हातारी ओरडून मागे कोलमडली. भावोजी हसत होते. आईला झटका देऊन हसणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी पुस्तक माझ्या हाती यायचं. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी कृती करून दाखवायची. पहिलाच प्रश्न, तपासणीआधी काय करावे?

"मेन स्विच बंद. ते धरून चाला. इथे कुठे वीज आहे? पुढचं विचारा."

रोज हेच. शेवटी तो प्रश्न मी वाचायचा सोडला.

परीक्षेत काय झालं ते त्यांच्याबरोबर बसलेल्या गावच्या माणसाने सांगितलं. भावोजी ऐटीत बोर्डाकडे गेले, मेन स्विच चालूच ठेवून झाकण काढलं आणि आत हात घालणार एवढ्यात परीक्षकाने मनगट धरलं. मग दाराकडे बोट दाखवलं.

घरी भावोजींनी सांगितलं ते निराळंच. परीक्षक घाटावरचा, कोकणातल्यांवर खार खाऊन असतो. सासूबाईंनी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या. मी भाकऱ्या थापत ऐकत राहिले.

पुढच्या वर्षी ते पास झाले. गणपतीला आले तेव्हा वाडीभर पेढे वाटले. "वहिनी, घरात वीज येईल तेव्हा सगळं काम माझ्याकडे," म्हणाले.

वीज आली ती फार उशिरा. तारा ओढायला मी चिपळूणहून परका माणूस बोलावला.