सासूबाईंना मुंबई दाखवली तेव्हा

सासूबाई पहिल्यांदा मुंबईला आल्या त्या नेमक्या संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. आज हरताळ, उद्या मोर्चा. आणि बाईंचा हट्ट काय, तर मुंबई बघायची. ती जबाबदारी अर्थात माझ्या गळ्यात. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून, नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरातलं कुणी मोर्चात सापडलं तर घरी बसावं लागेल, असं साहेबांनी ह्यांना स्पष्ट बजावलं होतं. मी सासूबाईंना रोज तेच सांगायची. घोषणा कानावर आल्या की आपण मान खाली घालून चालायचं. त्या नुसत्या हसायच्या.

लालबागहून ट्रामने राणीचा बाग झाला. दुसऱ्या दिवशी म्युझियम. काचेतली जुनी भांडी बघून म्हणाल्या, ह्यात बघायचं काय, अशी आमच्या माळ्यावर पडलीयत. मी चिडले. एवढी पायपीट मी काय हौसेने करत होते?

तिथून फाउंटनला आलो तर ट्राम बंद आणि समोरून बायकांचा मोर्चा. सासूबाईंना एका इमारतीच्या पायरीवर बसवलं, इथून हलायचं नाही म्हणून दम दिला आणि बस मिळते का बघायला कोपऱ्यापर्यंत गेले. पाच मिनिटं, फार तर सात. परत येते तो पायरी रिकामी. पलीकडे पोलिसांच्या गाडीत बायकांना चढवत होते आणि त्यांच्यात, लुगडं सावरत, आमच्या सासूबाई. म्हातारीला वाटलं असणार, ही मुंबई दाखवायची गाडी. मी धावले, पण गाडी सुटली.

विचारत विचारत पोलीस चौकी गाठली. पकडलेल्या बायका व्हरांड्यात बसल्या होत्या, सासूबाईही. फौजदाराला म्हटलं, गावाकडच्या आहेत, चुकून चढल्या. माणूस भला होता. सोडतो म्हणाला, फक्त तुमचं नाव, पत्ता आणि नवरा कुठे नोकरीला आहे ते लिहा, खाली सही करा. मी नाव लिहिलं आणि तिथेच हात अडला. कचेरीचं नाव लिहावं तर ह्यांची नोकरी जाणार. न लिहावं तर म्हातारी तुरुंगात. फौजदाराला संशय आला. मग त्याने सासूबाईंना जवळ बोलावलं आणि विचारलं, ही तुमची सून ना?

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हिका मी वळकत नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुंबयत माजा कोण नाय. मोर्च्यासाठीच गावासून इलंय."

सकाळी ह्याच बाईने मला पुढ्यात बसवून माझी वेणी घातली होती. आणि आता माझ्याकडे असं बघत होती की क्षणभर माझं मलाच खरं वाटेना. तेवढं बोलून त्या वळल्या आणि त्या बायकांत जाऊन बसल्या.

फौजदाराने वैतागून माझ्यापुढचा कागद ओढला. म्हणाला, बाई, नसत्या भानगडीत कशाला पडता, घरी जा.

मी सांगायला हवं होतं, ह्या माझ्या सासूबाई आहेत. ओरडून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंच नाही. मी उठले आणि लालबागपर्यंत चालत आले.

दार ह्यांनीच उघडलं. माझ्या मागे जिन्याकडे बघत म्हणाले, "आई कुठाय?"