हेमाताईंचे पापड आणि श्यामरावांचं ऊन

आमच्या शेजारचे श्यामराव आंघोळीला बसले की सदाशिव पेठेला कळतं. गेल्या दिवाळीत गच्चीवर सोलर बसवला तेव्हापासून "आहाहा, काय कढत पाणी!" ही आरोळी रोजची. वर कुणी न विचारता सांगणार, "सोलर माझ्यासाठी नाही हो, हिच्या गुडघ्यांसाठी." ही म्हणजे हेमाताई. गुडघे शेकल्याशिवाय त्यांना जिना उतरवत नाही, हे मात्र खरं.

मग पलीकडच्या आमोदने आपल्या गच्चीवर खोली काढायची ठरवली. आमोद आयटीत. घरातून बोललं की म्हणे अमेरिकेला कुकरच्या शिट्ट्या ऐकू जातात. खोली झाली की सोलरवर दिवसभर सावली आणि पाणी गार. श्यामराव खवळले.

"माझं ऊन आहे ते!"

"सूर्याच्या सातबाऱ्यावर नाव लागलंय का काका तुमचं?" आमोद म्हणाला. कार्टं लहानपणापासून आगाऊच.

श्यामराव तडक वकिलाकडे. वकील म्हणाला, "खिडकीतून वीस वर्षं उजेड घेतला असेल तर हक्क सांगता येतो. गच्चीवरच्या उन्हाचं कठीण आहे. पण वीस वर्षं ते वापरल्याचा पुरावा आणा, भांडून बघू."

पुरावा म्हणजे पापड! हेमाताईंचे उडदाचे पापड दर मे महिन्यात आळीत घरोघरी जातात. श्यामराव कागद घेऊन माझ्याकडे आले: 'सौ. हेमा यांनी गेली वीस वर्षं दरवर्षी सदर गच्चीवर उन्हात पापड वाळवले व ते आम्ही खाल्ले.' मी निवृत्त मुख्याध्यापिका. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेनाने सुधारल्या आणि मगच सही केली.

रविवारी सतरा सह्यांचा तो कागद श्यामरावांनी अंगणात सगळ्यांसमोर वाचला. आमोदचा चेहरा पडला. पापड त्यानेही खाल्ले होते. त्याने सहीला पेन उघडलं.

"थांब रे," हेमाताई म्हणाल्या. "अहो, ते पापड मी मंडईमागच्या गोदाबाईंकडून आणायचे. वीसही वर्षं."

म्हणजे वीस वर्षं मी गोदाबाईंच्या पापडाचं कौतुक हेमाताईंच्या तोंडावर करत होते! मी काही बोलणार, तेवढ्यात त्या रडवेल्या झाल्या. "गुडघे तेव्हापासूनच दुखतात. पाट-लाटणं घेऊन गच्ची कशी चढणार? आणि तुम्ही 'हिच्या हातचे' म्हणून मिरवत होतात. सांगायचा धीरच झाला नाही."

श्यामराव मटकन पायरीवर बसले. "वीस वर्षं दुखतायत? आणि मला गेल्या वर्षी कळतंय?"

त्यांनी कागद फाडला, माझ्या दुरुस्त्यांसकट. डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आमोद खाकरला. "काका, खोली पलीकडच्या टोकाला घेतो. सावली नाही पडायची."

"लेखी दे," श्यामराव हुंदका देत म्हणाले.

त्याने दिलं. पण श्यामरावांचा आता कुणाच्याच कागदावर विश्वास नाही. या मे महिन्यात ते स्वतः गच्चीवर पापड लाटतात. हेमाताई खालून, पाय कढत पाण्यात सोडून, "पातळ लाटा हो!" म्हणून ओरडतात. काल श्यामराव एक पापड आणि नवा कागद घेऊन माझ्याकडे आले. "वर्ष पहिलं. उरली एकोणीस."

श्यामराव एकाहत्तर वर्षांचे आहेत. पापड भाकरीएवढा जाड होता. मी अख्खा खाल्ला आणि सही केली.