चोकवर टांगलेली पर्स

गाडी विलायती, एवढीशी, दोन माणसांची. कामठीच्या छावणीतल्या एका साहेबाकडून यांनी जुनी घेतली होती. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. इंजिन म्हणाल तर लहानसंच. पन्नासच्या पुढं काटा सरकवायला गाडीलाही घाम फुटायचा अन् मलाही. पण बसायचं इतकं खाली, की हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल. त्यामुळं चाळीसलाच उडाल्यासारखं वाटे. काटोल रोडच्या वळणावर गिअर खाली घेतला की अशी काही गुरगुरायची, की आपण दोन लेकरांची आई आहोत हे मी विसरून जायची.

ती गुरगुर म्हणजे मिस्त्रीची करामत. म्हातारा माणूस. इंजिनाला दोन कार्बोरेटर, अन् दोघांनी श्वास सारखा घ्यायला पाहिजे. मिस्त्री रबराची नळी कानाला लावून एकदा याचा, एकदा त्याचा श्वास ऐकायचा अन् स्क्रू केसभर फिरवायचा. गावातले जुन्या गाड्यांचे सगळे शौकीन त्याच्या कानावर विसंबून होते.

एक दिवस मी नणंदेला बसवून कळमेश्वरकडं निघाले. पर्स ठेवायला जागा नव्हती. समोर चोकचं बटण होतं, थंड इंजिन सुरू करताना बाहेर ओढायचं अन् ते तापलं की परत आत सारायचं, ते. मी ते पूर्ण ओढलं अन् त्यावर पर्स टांगली. मला वाटलं, काय छान खुंटी आहे! थोड्या वेळात गाडी आचके देऊ लागली, मागं काळा धूर.

"वहिनी, बैलगाडी पुढं गेली ना वं आपल्या!" नणंद पदर तोंडाशी धरून हसून राहिली होती.

मला ते लागलं. घरी आल्या आल्या यांना सांगितलं, "तुमच्या मिस्त्रीनं काहीतरी बिघडवून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी यांनी त्याला बोलावलं अन् फाटकात, शेजाऱ्यांच्या देखत सुनावलं, "मिस्त्री, तुझे कान गेले आता. जमत नसन तं सांग ना गा!" बापाच्या वयाचा माणूस तो.

"परत लावून देतो, साहेब," तो म्हणाला. अर्धा दिवस वाकून नळी लावून बसला. दोष असेल तर सापडेल ना!

संध्याकाळी मला म्हणाला, "बाई, तुम्हीच एक चक्कर मारून पाहा." मी बसले, अन् कालच्यासारखंच बटण ओढून पर्स टांगली. तो दाराशीच उभा. पर्सकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पर्स काढून हलकेच माझ्या मांडीवर ठेवली अन् बटण आत दाबलं.

"काय झालं मिस्त्री?" यांनी फाटकातून विचारलं.

"काही नाही साहेब. थोडं राहून गेलं होतं माझ्याकडून."

तोंड उघडायचं तेव्हाच होतं. मी गिअर टाकला अन् निघाले. गाडी काय सुरेख चालली त्या दिवशी! अन् मला एकही वळण गोड लागलं नाही.

मिस्त्री पुन्हा आला नाही. हे मात्र गाडीवाल्या दोस्तांना सांगत राहिले, "चांगला कारागीर होता, पण कान गेले बिचाऱ्याचे." एकेकानं त्याच्याकडं जाणं सोडलं. दर वेळी ते बोलणं चालू असताना चहाचा ट्रे घेऊन मी तिथंच उभी असायची. साखर किती, तेवढं विचारायची.