यादीतली चौथी ओळ

भिलाई मध्य प्रदेशात होतं त्या दिवसांत मी तिथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. मोठं यंत्र एकच, त्याला जोडलेले पडदे निरनिराळ्या खात्यांत. पडद्यावर कामांची यादी उमटायची. आकडा दाबला की ते काम उघडायचं. कोणाला कोणती यादी दिसावी, हे माझ्या हातात होतं.

स्टोअरमधल्या एका क्लार्कच्या यादीत चार ओळी होत्या: आवक, जावक, शिल्लक आणि चौथी, निरोप. या क्लार्कना मी दादा म्हणायचो. भंडाऱ्याकडचे, माझ्याहून बरेच मोठे. रोलिंग मिलच्या आवाजात कान गेले म्हणून त्यांना स्टोअरमध्ये आणलं होतं. फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. लोक खुणांनी कामापुरतं बोलायचे. निरोप उघडून एका पडद्यावरून दुसऱ्यावर लिहिता यायचं. दुपारी एकला ते मला त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, 'जेवला का? माह्या डब्यात भेंडी.' मुलांच्या शाळेसाठी बायको नागपूरला होती आणि सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. मला जेवणाचं विचारणारे तेवढेच.

याद्या लांबल्या होत्या, लोक भलतेच आकडे दाबायचे. ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही ते त्याला दिसू देऊ नका, असं साहेबांनी सांगितलं. त्यात गैर काही नव्हतं. पण मग माझ्या पडद्यात डोकावून ते म्हणाले, "क्यों, स्टोर में आज भी भिंडी बनी है?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या बढतीची मुलाखत जवळ आली होती. संध्याकाळपर्यंत मी स्टोअरची चौथी ओळ लपवली.

दुसऱ्या दिवशी दादा सायकलवर आले. ऐकू येत नसल्यानं मोठ्यानं बोलत.

"कावून भाऊ, ते निरोपाचं दिसून नाही राहिलं. मशीनही बहिरी झाली का माह्यासारखी?"

काचेपलीकडे साहेब बसले होते. मी रद्दी कागदाच्या पाठीवर लिहिलं, 'वरून आदेश. मशीनमधून काढून टाकलं.'

त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"बरं. माह्यामुळं तुले तं काही त्रास नाही न झाला?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

ते काढलेलं नव्हतं, एवढं मला आज लिहून ठेवायचं आहे. फक्त यादीत दिसत नव्हतं. त्या कामाचं नाव टाइप केलं असतं तरी उघडलं असतं. तो एक शब्द मला त्याच कागदावर लिहिता आला असता.

बढती मिळाली. मग ती ओळ परत दाखवायला कोणाला विचारायची गरज उरली नव्हती. पण दाखवली असती तर माझा कागद खोटा ठरला असता. एक वाजता मी माझे निरोप उघडून पाहायचो, रिकामेच असायचे.

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो होतो. गळ्यात हार, पुढे भाषण चाललेलं, त्यातलं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. नजर फिरवत त्यांनी मला शोधलं, पाची बोटं जुळवून तोंडाजवळ नेली आणि भुवया उंचावल्या.

मी हो अशी मान हलवली. मी जेवलो नव्हतो.