त्रेचाळीस सत्कार आणि रूपसिंगचा एक तास

आखाडा बाळापूरला बसस्टँडमागे रूपसिंग राठोडचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरायची, हा त्याचा धंदा. शिक्षण आयटीआय, वय पंचेचाळीस. आसपासच्या बारा वाचनालयांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम हाच माणूस लिहितो, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग त्याच्या काळ्या बोटांकडे. बघू देत.

मी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता गावचं वाचनालय सांभाळते. सहा वर्षांपूर्वी रूपसिंग आमचा पंखा दुरुस्त करायला आला होता. मी नोंदवह्या उपसत होते.

"गंगूताई, एक पुस्तक हुडकायला अर्धा तास काहून घालवून राहिल्या?"

"मग तू सांग सोपा उपाय!"

दोन महिन्यांनी त्याने प्रोग्रॅम आणून दिला, तोही आतल्या सगळ्या कोडसकट. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. मोटर उघडून समोर ठेवायची: तार कशी भरलीय बघा, चुकलं असेल तर सुधारा, दुसऱ्याला द्या, कुणाची परवानगी नको.

अडचण अशी की सुधारणारा तो एकटाच. डोंगरकडा गावात छपाई अडली, पुसेगावला वाचकांची नावं दिसेनाशी झाली, की फोन रूपसिंगला. तेही ऐन रब्बीत, दुकानात मोटरींची रांग लागलेली असताना. दिवाळीत त्याने मला सरळ सांगितलं, "ताई, सोबतीला कोणी भेटलं तर चालवतो. न्हाईतर मार्चात बंद. जमूनच न्हाई राहिलं."

बारा वाचनालयं पुन्हा नोंदवहीवर! मी म्हटलं, संमेलन घेऊ. असं काम करणारे आहेत तरी कुठे, बोलावू इथेच. गावचे पाटील उकंडराव, त्यांनी आपलं मंगल कार्यालय दिलं. पुण्याहून अबोली नावाची इंजिनिअर तीन सहकाऱ्यांना घेऊन यायला तयार झाली. मी बहात्तराव्या वर्षी पत्रिका वाटत, सतरंज्या मोजत, माइकवाल्याशी भांडत फिरले. इतका उत्साह मला स्वतःच्या लग्नातही नव्हता.

आणि माणसं आली! दीडशे! हिंगोली, नांदेड, वसमत. शिक्षक, विद्यार्थी, दोन ग्रामसेवकसुद्धा. रूपसिंगचं प्रात्यक्षिक बाराला होतं. पुण्याच्या मंडळींची जीप दीडला नांदेडला निघणार होती, गाडी पकडायला. सगळं कसं आखलेलं.

मग उकंडरावांनी सत्काराची यादी काढली. नावं त्रेचाळीस!

मी रूपसिंगला कोपऱ्यात घेतलं. "ही यादी कुणी केली?"

"मीच. प्रोग्रॅमसोबत हातभार लावणाऱ्या सगळ्यांची नावं द्यायची रीत हाय, ताई. एक बी सुटायला नको."

"ती नावं कागदावर असतात रे, शहाण्या! त्यांना नारळ नसतो द्यायचा!"

पण यादी जाहीर झाली होती. आता एकाला गाळलं की तो जन्मभर तोंड फिरवणार, हे मलाही ठाऊक. उकंडराव एकेकाचं नाव, हुद्दा, वडिलांची पुण्याई सांगत होते. मग शाल, नारळ, फोटो, आणि फोटो हलला म्हणून पुन्हा फोटो. सव्वाबारापर्यंत अकरा झाले. अबोली घड्याळ बघत होती. रूपसिंग लॅपटॉपपाशी बसून शर्टाच्या बाहीने घाम पुसत होता. आवाज करायची त्याची छाती नव्हती. माझी होती.

मी स्टेजवर गेले आणि माइकच हातात घेतला.

"उकंडराव, या हॉलमध्ये सामुदायिक विवाह लावलेत ना तुम्ही?"

"लावले की! एका मांडवात एकवीस जोडे!"

"मग सामुदायिक सत्कार का नाही? उरलेले बत्तीस जण समोरासमोर उभे राहा. मी नावं वाचते. माझं वाचून झालं की समोरच्याला शाल घाला, त्याच्याकडून घालून घ्या. चला!"

हॉलमध्ये हशा उसळला, आणि लोक खरंच रांगा करू लागले. बत्तिसावं नाव खुद्द उकंडरावांचं. त्यांच्या समोर आल्या स्वयंपाक सांभाळणाऱ्या मंजुळाबाई. उकंडराव शाल धरून नुसतेच उभे.

"घाला की, पाटील," मंजुळाबाई म्हणाल्या. "शाल हाय, साप न्हाई! तिकडं माझं पिठलं लागून राहिलं."

टाळ्यांनी पत्रा हादरला. सहा मिनिटांत बत्तीस सत्कार! कुणी रुसलं नाही.

रूपसिंग उभा राहिला. मला वाटलं, आता प्रोग्रॅमचं कौतुक सांगेल. त्याने थेट पडद्यावर पुसेगावची बिघडलेली यादी लावली, अर्धी नावं गायब असलेली, आणि शेजारी तिचा कोड. "हे मला तीन महिन्यांपासून सापडून न्हाई राहिलं. कोणाला दिसतं का, बघा."

हॉल पुढे सरकला. अक्षरशः खुर्च्यांसकट! हिंगोलीच्या एका कचेरीतले कारकून राधाकृष्ण चष्मा वर करून पडद्याशी गेले. "ही ओळ. आडनाव भरलेलं नसलं की ती माणूसच सोडून देतेय." रूपसिंगने ओळ बदलली आणि नावं भराभर उगवली. कुणीतरी शिट्टी मारली. पुन्हा मारली तेव्हा कळलं, अबोली.

"पुढं हे कोण बघनार?" रूपसिंगने विचारलं.

राधाकृष्ण म्हणाले, "पुसेगाव मी घेतो. माझी सासुरवाडी आहे, नाही म्हणालो तर घरात जेवण नाही." अबोलीने छपाई घेतली. नांदेडहून आलेल्या तिघी विद्यार्थिनींनी उरलेल्या अकरा गावांची वाटणी तिथेच उभ्याने केली. जीप वीस मिनिटं उशिरा निघाली. गाडी मिळाली, असा नांदेडहून फोन आला.

चौथ्या दिवशी रूपसिंग मोटर उघडी टाकून वाचनालयात धावत आला, हातात मोबाइल. अबोलीने छपाईचं सगळं नव्याने लिहून पाठवलं होतं.

"ताई, ही पोरगी माझ्याहून लई बेस लिहून राहिली हो!" म्हणाला, आणि आनंदाने टेबलावर असा हात आपटला की माझा चहा सांडला.