पुढे गेलेली ज्वारी

ज्वारीच्या पोत्यातून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला, की अंबडजवळच्या आमच्या गावातील नव्वदच्या दशकातली नवरात्राची एक अष्टमी आठवते. देवीचा पाठ संपवून मी गाभाऱ्यापाशी बसलो होतो. नवऱ्याच्या मारामुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहासाठी गावातील बायका देवळात धान्य मागत होत्या. एका गृहस्थाने मोठ्या दिमाखात कडुलिंबाच्या पाल्यासकट ज्वारीचे अख्खे पोते ओतले. मागे उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीचा सुजलेला डोळा पदराआडूनही दिसत होता. धान्य घेणारी वृद्धा त्याला म्हणाली, “दादा, पोतं कशाला? हात आवरला असता तरी लई झालं असतं.” मग पत्नीकडे वळून म्हणाली, “बाई, तुझ्या घरची ज्वारी पुढं गेली. तू कव्हाबी ये, तुझंच खाशील. कुणाची मिंधी न्हाई.” दसऱ्याआधीच ती पत्नी आश्रयगृहात गेल्याचे कळले. आजही मी अष्टमीचा पाठ करतो. ओटी भरणाऱ्यांच्या रांगेत एखादा पदर नको तितका पुढे ओढलेला दिसतो, आणि देवीला हाक घालताना स्वर थकून जातो.